ताई, तेल थांबलं

ताई, इंजिन सुरू झालं हे तुला ठाऊक आहे, तेव्हा स्टिअरिंगवर तूच होतीस. तेल थांबलं, हे मात्र तुला सांगायचं राहिलं. ते सांगायला बसलोय.

तुझ्याबद्दल सगळे खूप चांगलं बोलतायत. शिवणक्लासच्या मुली येऊन रडून गेल्या. काकांच्या आबाने पेपरात चार ओळी द्यायला तुझा फोटो मागून नेला. तू शांत, मनमिळाऊ आणि सोशिक होतीस असं त्यात छापून आलंय. मी आईला ते वाचून दाखवलं आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. सोशिक! जरा उशिरा पाना दिला तर माझ्या अंगावर चिंधी फेकणारी तू. आई म्हणाली, "दुसऱ्याच कुणाचं छापलंनी वाटतं." तू गेल्यानंतर त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली आणि हसताहसताच आत निघून गेली.

म्हणून त्या चार ओळी बाजूला ठेवतो. मला आठवते ती खोपीतली तू. जुना सदरा साडीवर चढवलेला, कानावर कपडे आखायचा खडू, हातात पाना.

बाबांनी ती जुनी इंग्रजी गाडी रत्नागिरी ते गणपतीपुळे अशी वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून चालवली. बाबांच्या शेवटच्या आजारात इंजिन जाम झालं आणि परसातल्या खोपीत, पेंढ्याच्या शेजारी, ती उभी राहिली ती राहिलीच. मी बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर. वर्षातले बरेच महिने पाण्यावर. एकदा सुट्टीवर घरी आलो तर तू बॉनेट उघडून बसली होतीस आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणालीस, "वसंता, हे आपण बांधायचं. सबंध. आणि मी चालवायचं."

मला वाटलं, हौस. गाडी शिकली होतीस, लायसन काढलं होतंस, एखादी फेरी मारशील भाट्याच्या पुलापर्यंत. पण तुला टॅक्सी चालवायची होती. बाबांचीच वाट, पुळ्याची.

आईने ऐकलं आणि हातातली विळी आडवी केली. "आपल्या घरातली मुलगी स्टँडवर उभी राहून पुळं, पुळं ओरडणार?"

"ओरडेन की. क्लासात ओरडतेच आहे."

"आणि तुझी छाती? डॉक्टर काय म्हणाले?"

"ओझी उचलू नको म्हणाले. बसून गाडी चालवू नको असं नाही म्हणाले."

"लोक काय म्हणतील गो सुमन?"

"लोक गाडीत बसतील, आई."

आई तुझ्याशी दोन दिवस बोलली नाही. गाडी तिच्या नावावर होती, त्यामुळे तिच्या होकाराशिवाय टॅक्सी रस्त्यावर येणार नव्हती. तो होकार तिने शेवटपर्यंत दिला नाही. तूही पुन्हा विचारलं नाहीस. फक्त इंजिन बांधत राहिलीस.

लहानपणी सांधेताप आला आणि तुझ्या हृदयात काहीतरी कायमचं बिघडवून गेला. त्यापायी लग्न राहिलं. त्यापायी सगळे तुझ्याशी काचेच्या भांड्याशी बोलावं तसे बोलायचे. इंजिन कधीच तसं बोललं नाही, म्हणून ते तुला आवडलं असेल का? हे मी तुला विचारायला हवं होतं. आपण बोलायचो ते बोल्टबद्दल.

माझ्या दोन सुट्ट्या त्या इंजिनात गेल्या. राजिवड्याच्या इब्राहिमभाईंनी लेथवर सिलिंडर घासून दिले. पिस्टन मी एका परदेशी बंदरातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून शोधून, कपड्यांत गुंडाळून आणले. पॅकिंगं सगळी तुझी. कॉर्कची शीट क्लासच्या टेबलावर पसरून, कागदी नमुना ठेवून, खडूने आखून तू ती अशी कापलीस की एक कोपरा वाकडा गेला नाही. इब्राहिमभाई म्हणाले होते, "बाय, ह्या झाकणाला तुम्ही ब्लाउज शिवलाव."

आणि मग ती सकाळ. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आंब्याच्या फांदीला चेन लावून इंजिन गाडीत उतरवलं होतं, पाणी भरलं, नवं तेल ओतलं. मला घाई झाली होती. तू म्हणालीस, "आधी प्लग काढ. नुसतं फिरव. तेल वरपर्यंत चढू दे, मग पेटवू." मी हँडल मारत राहिलो, तू आत बसून तेलाच्या दाबाच्या काट्यावर डोळा ठेवलास. माझे खांदे भरून आले. "हलला का?" "नाही." "आता?" "मार, वसंता, बोलू नको." मग एकदम तू ओरडलीस, "हलला!" शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

प्लग लावले. तिसऱ्या हँडलला ते खोकलं, पुढच्याला पेटलं. खोपीभर निळा धूर झाला. तू ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, समोर बघत होतीस. समोर जांभ्याची भिंत होती, पण तू रस्ता बघत होतीस. मी तुला तसं कधी बघितलं नव्हतं.

मी खाली वाकलो. गाडीखाली तेल पसरत होतं.

"बंद कर, ताई!"

"काय झालं?"

"सगळीकडनं गळतंय."

तू किल्ली फिरवलीस, उतरलीस, पोतं टाकून जमिनीवर आडवी झालीस आणि बराच वेळ बघत राहिलीस. मला वाटलं होतं तू रडशील. तू म्हणालीस, "बरं झालं, आजच कळलं. रॉकेल आण."

त्या आठवड्याइतकं मी तुझ्याकडून कधी शिकलो नाही, आणि तुझ्याशी इतका कधी भांडलोही नाही. तू म्हणायचीस, तेल दिसतं तिथून ते येतंच असं नाही. ते वरून ओघळतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे जातं, आणि खालच्या कोपऱ्यावर थेंब होऊन लोंबतं. म्हणून आधी धुवायचं. रॉकेलने सबंध इंजिन धुऊन काढलं, पुसलं, उन्हात वाळू दिलं. मग तू आतून तुझा पावडरचा डबा आणलास आणि इंजिनावर अशी पावडर मारलीस की आई दारातून म्हणाली, "नवरीमुलगी आहे की काय ती?" पुन्हा सुरू केलं. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट काळ्या रेघेसारखी दिसायला लागली.

पहिली रेघ वरच्या झाकणापासून निघाली. तिथे तू नटं इतकी आवळली होतीस की कॉर्क चेपून चिरलं होतं. "घट्ट म्हणजे चांगलं नव्हे," मी म्हटलं. तू दुसरं कापलंस आणि ते बोटांनी बसवून वर पाव वळसाच दिलास. दुसरी रेघ दाबाच्या काट्याकडे जाणाऱ्या बारीक नळीच्या जोडापासून. तिथला तांब्याचा वॉशर जुना, कडक झालेला. तो मी आईच्या स्टोव्हवर लाल होईपर्यंत तापवला, पाण्यात टाकून मऊ केला, परत बसवला आणि तो धरला. आई म्हणाली, "माझ्या स्टोव्हवर आता लोखंड शिजवा." तिसरी गळती खालच्या तेलाच्या चेंबरच्या पुढच्या कोपऱ्यात, जिथे दोन पॅकिंगं भेटतात. तिथली फट तू चिकटवायच्या लुगदीने भरलीस.

तिन्ही थांबल्या. चौथी थांबेना. इंजिनाच्या अगदी मागे, जिथे क्लचचं घर सुरू होतं, तिथल्या खालच्या भोकातून तेल पडत होतं. थेंब थेंब नव्हे, जवळजवळ धार.

मी म्हटलं, "हे क्रँकच्या मागच्या टोकातून येतंय. इंजिन उतरवायला लागणार."

"नाही."

"ताई, मी बोटीवर रोज हेच करतो."

"तुझ्या बोटीवर इंजिनात माणूस शिरतो. हे वेगळं आहे. अजून वरून कुठून येत असेल."

"पावडर मारून बघितलं ना? वर सगळं कोरडं आहे."

"मग आपल्याला अजून काहीतरी दिसलेलं नाही. जे दिसलं नाही, त्यासाठी इंजिन उतरवणार नाही."

असे आपण किती दिवस भांडलो! जेवताना, विहिरीवर, इब्राहिमभाईंच्या दुकानात त्यांना पंच करून. ते बिचारे दोघांनाही हो म्हणायचे. तू एवढी का अडून बसलीस ते मला कळत नव्हतं. इंजिन उतरवायचं म्हणजे पुन्हा दोन-तीन महिने. तेवढा वेळ आपल्याकडे नाही असं तुला आतून वाटत होतं का, ताई? हे विचारण्याचं धाडस मी तेव्हा केलं नसतं. आता करतोय, तर उत्तर नाही.

मार्गशीर्षात तुला धाप लागायला लागली. आधी विहिरीपर्यंत जाताना, मग बसल्या जागी. आंबा घाटातून तुला मिरजेला नेलं ती रात्र मी लिहिणार नाही. हॉस्पिटलात तू उशांना टेकून बसायचीस, आडवं होता येत नव्हतं. आई बाहेर औषध आणायला गेली होती तेव्हा तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, काही सांगायचं असेल. आईबद्दल, घराबद्दल.

"इंजिन उतरवलं नाहीस ना?"

"नाही. तू बरी होऊन ये, मग बघू."

"माझं राहू दे. तेल कुठून येतं ते शोध. शोधल्याशिवाय पाना लावू नको."

"बरं."

"बरं नको म्हणू. शोध."

आपलं शेवटचं नीट बोलणं हेच. लोकांना सांगताना मी दुसरंच काहीतरी सांगतो, कारण हे सांगितलं तर त्यांना विचित्र वाटतं. मला मात्र तू दिलेलं हेच पुरेसं आहे. रडत बसायला तू वेळ ठेवला नाहीस. काम ठेवलंस.

तेरावं झालं आणि आबा कोल्हापूरच्या एका माणसाला घेऊन आला. त्याला गाडी सुट्या भागांसाठी हवी होती. आईने गाडीकडे न बघता सांगितलं, "न्या." मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, मला थोडे दिवस दे."

"कशाला? ज्यांना चालवायची होती ती दोघंही गेली."

"तेल शोधायचं राहिलंय."

तिने माझ्याकडे बघितलं. "बोटीवर जायच्या आत काय तो निकाल लाव," ती म्हणाली. आबाला आणि त्याच्या माणसाला तिने चहा देऊन वाटेला लावलं.

मग मी शोधायला लागलो, ताई. तुझ्याच पद्धतीने. धुवायचं, वाळवायचं, पावडर मारायची, सुरू करायचं, बघायचं. पण एकट्याने जमेना. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला तर गाडीखाली कोण बघणार? इब्राहिमभाई नातवाच्या लग्नासाठी गावाला गेलेले. मी तिसऱ्यांदा गाडीखालून धावत येऊन पुन्हा आत बसत होतो, तेव्हा आई मागच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"काय करायचंय तिथे बसून?" तिने विचारलं.

"पाय ठेवायचा. मी सांगेन तेव्हा दाबायचं."

तिने लुगडं सावरलं आणि तुझ्या जागी जाऊन बसली. इतकी वर्षं ती त्या गाडीत मागे बसली होती, नाहीतर बाबांच्या बाजूला. स्टिअरिंगच्या मागे कधीच नाही.

"हळू दाब."

तिने जोरात दाबलं. इंजिन किंचाळलं, पेंढ्यातली कोंबडी ओरडत पळाली.

"हळू, आई!"

"मग नीट सांग. हळू म्हणजे केवढं?"

"भाताखालचा जाळ कमी करतेस, तेवढं."

त्यानंतर तिने असं धरलं की काटा जागचा हलला नाही. मी गाडीखाली पालथा पडून बघत होतो. मागून तेल पडतच होतं, आणि मला दिसलं की इंजिनाचा वेग वाढला की धार वाढते, नुसत्या वेगाच्या हिशेबाने वाढावी त्याहून जास्त. कुणीतरी आतून ढकलल्यासारखी. बोटीवर हे मी बघितलेलं होतं. मी उठलो आणि इंजिनाच्या माथ्यावरचं तेल ओतायचं बूच काढलं. भस्सकन हवा बाहेर आली आणि माझ्या तोंडावर तेल उडालं. तशाच तोंडाने पुन्हा खाली गेलो.

धार थांबली होती.

ताई, पिस्टनच्या कडेने थोडी हवा खाली उतरतेच, रिंगा नव्या असताना तर जास्तच. तिला बाहेर जायला इंजिनाच्या कुशीला एक नळी असते. ती नळी आपण इंजिन खोलताना काढून खोपीच्या खुंटीला अडकवली होती आणि सगळं बांधून होईपर्यंत ती तिथेच लोंबत होती. पुन्हा बसवली कुणी, तू की मी, ते मला आठवत नाही. बाहेरून चकचकीत पुसलेली होती. मी ती सोडवली, तोंडाला लावून फुंकली. फुंकर जाईना. तार घालून खरवडली तर आतून वाळलेला चिखल पडला, तांबडा, आपल्याच परसातला. कुंभारीण माशीने तिच्यात घर केलं होतं. एकापुढे एक खोल्या, नळी गच्च भरलेली. बाहेर पडायची वाटच बंद, म्हणून आत कोंडलेली हवा तेलाला घेऊन मागच्या टोकातून निघत होती.

मी तो चिखल हातावर घेऊन आईला दाखवला. तिने तो बोटाने चुरला. "एवढीशी माशी," ती म्हणाली. आणि मग, "सुमन म्हणत होती ना, दिसलेलं नाही म्हणून?"

म्हणत होती. आईला आपली सगळी भांडणं ऐकू येत होती तर.

नळी साफ करून बसवली, बूच लावलं, आईला पुन्हा बसवलं. पाव तास इंजिन चालवलं. खाली टाकलेला कागद तसाच राहिला, अगदी शेवटी त्यावर एक थेंब पडला. या एका थेंबावर आपलं भांडण अजून मिटलेलं नाही हे सांगून ठेवतो. या इंजिनाला मागे रबराचं सील नाही, तेल परत आत लोटणारा नुसता आटा कापलेला आहे, तेव्हा एवढं चालायचंच असं माझं म्हणणं. तू ऐकलं नसतंस. इंजिन उतरवायचं नाही हे तुझं खरं ठरलं. तेल मागूनच येतंय हे माझं. आणि वरून ओघळतंय हे तुझं चूक होतं, ताई. तू नाहीस म्हणून ते मी सोडणार नाही.

बोटीच्या ऑफिसची तार आली होती. पावसाळ्यापर्यंत येत नाही असं कळवून टाकलं. परवान्यासाठी हेलपाटे घालायला लागले, पण आईने जिथे सांगितलं तिथे सही केली, काही न विचारता. कोल्हापूरच्या माणसाला आबाने काय सांगितलं ते माहीत नाही.

शिमगा आटोपल्यावर पहिली फेरी नेली. एस.टी. चुकलेलं चिपळूणचं एक नवं जोडपं आणि त्यांच्यासोबत नवऱ्यामुलाची आत्या. आई म्हणाली, "मी पुढे बसते." मला वाटलं, सोबत म्हणून. निवळीच्या चढणीला मी दाबाच्या काट्याकडे बघत होतो, आणि बाजूला बघितलं तर तीही काट्याकडेच बघत होती.

मागून आत्याबाईंनी विचारलं, "गाडी जुनी आहे, पण आवाज गोड आहे हो. कुठे केली?"

"घरीच," आई म्हणाली. "मुलीने बांधली."

"म्हणजे जावई मेकॅनिक?"

"जावई नाही. मुलीने. हा तिच्या हाताखाली होता."

हाताखाली तर हाताखाली.

"अगोबाई! मग ती कुठे असते आता?"

आईने काट्यावरची नजर काढली नाही. जाकादेवी आलं, चाफे मागे पडलं, काजूच्या बोंडांचा वास आत आला आणि आत्याबाई दुसऱ्याच विषयावर गेल्या. पुळ्याला उतार संपून समुद्र दिसला तेव्हा नवी नवरी "आई गं!" म्हणाली, एवढंच.

माणसं उतरून देवळाकडे गेली. वर्ष व्हायचंय म्हणून आई देवळात जाणार नव्हती. मी बॉनेट उघडून बघितलं, खाली वाकून बघितलं, हात पुसले आणि परत तिच्याजवळ येऊन बसलो. ती समोरच्या वाळूकडे बघत होती.

"वसंता, मी तिला हो म्हटलं नाही रे."

तू असतीस तर काहीतरी फटकन बोलली असतीस आणि ते बरोबर ठरलं असतं. मी नुसता तिच्या हातावर हात ठेवला. माझा हात तेलकट होता. तिने तो झिडकारला नाही. तिने बराच वेळ रडून घेतलं, मोकळेपणी, मिरजेहून आल्यापासून पहिल्यांदाच. देवळातून येणारी-जाणारी माणसं बघत होती. तिला त्याचं काही नव्हतं.

मग तिने पदराने तोंड पुसलं, काच खाली केली आणि एस.टी.च्या थांब्यावर उभ्या असलेल्या घोळक्याकडे बघून म्हणाली, "हे देवदर्शनवाले काही इतक्यात येत नाहीत. आणि आले तरी मागे दाटीने मावतील. बसून काय राहिलास? हाक मार. रत्नागिरी, रत्नागिरी."

मी उतरलो, ताई. घसा साफ केला आणि ओरडलो.